वकील, आमदार, मंत्री आणि मग न्यायमूर्ती : कृष्ण अय्यर चालले, तर आज का नाही?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मी इथे मुख्यतः वाचनमात्र, पण आज लिहितोच. २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टातल्या एका नेमणुकीवरून केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, की बाई आधी पक्षाच्या प्रवक्त्या होत्या मग न्यायमूर्ती कशा? तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकजण तावातावाने म्हणाला, असं आपल्या देशात आजवर कधी झालंच नाही. मी म्हटलं, अहो झालंय की, आणि प्रवक्ता-बिवक्ता नाही, निवडणुका लढवलेला, आमदार झालेला, चक्क मंत्रिमंडळात बसलेला माणूस सुप्रीम कोर्टात सात वर्षं होता आणि आजही जामिनाच्या निम्म्याअधिक अर्जांत त्याचं वाक्य चिकटवलेलं असतं. त्या गृहस्थाने नावही ऐकलेलं नव्हतं. म्हणून हा धागा.

तर व्ही. आर. कृष्ण अय्यर. जन्म १९१५ चा, पालक्काडकडचा. वडील वकील. मद्रासला लॉ केलं आणि १९३८ च्या आसपास उत्तर मलबारात तलश्शेरीला वडिलांच्याच हाताखाली प्रॅक्टिस सुरू केली. मलबार तेव्हा मद्रास प्रांतात. बापाची जमलेली प्रॅक्टिस, मुलगा हुशार, आरामात जमीनदारांचे दावे चालवून बंगला बांधला असता, पण हे कुळांच्या आणि कामगारांच्या केसेस घ्यायला लागले. १९४८ मध्ये कम्युनिस्टांना कायद्याची मदत करतो या आरोपावरून सरकारने महिनाभर आत टाकलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५२ ला कूत्तुपरंबातून अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेत. मग केरळ राज्य झालं आणि १९५७ ला तलश्शेरीतून पुन्हा अपक्षच, पण कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर. नंबुद्रीपादांच्या त्या पहिल्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी एकावर एक खाती यांच्याकडे. ३१ जुलै १९५९ ला केंद्राने ३५६ कलम लावून सरकार घालवलं. १९६० ला अगदी मूठभर मतांनी पडले, निवडणूक याचिका टाकली आणि जिंकून पुन्हा आमदार झाले (वकील माणूस, सोडतोय कशाला). १९६५ ला पडले आणि परत काळा कोट.

आणि १९६८ ला केरळ हायकोर्टाचे न्यायमूर्ती! मंत्रिपद गेल्यावर फक्त नऊ वर्षांनी. मधे लॉ कमिशनवर, आणि जुलै १९७३ ला सुप्रीम कोर्ट. नोव्हेंबर १९८० ला निवृत्त.

मी एका जिल्हा कोर्टात ३१ वर्षं स्टेनो होतो, कुठलं ते सांगत नाही. वकील नाही, पण ऐकलंय भरपूर. माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसाची आमदारकी-मंत्रिपद हा डाग नव्हता, त्याचे निकाल तिथूनच आलेत. तुम्हाला काय वाटतं?

तळ्यात_मळ्यात

धागा आवडला पण मत अजिबात पटलं नाही काका. एक माणूस चांगला निघाला म्हणून दार उघडं ठेवायचं का? सालं बघा ना जरा. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारतीचा निकाल (घटनेची मूळ चौकट संसदेलाही बदलता येणार नाही, तो), दुसऱ्या दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघा सीनियर न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश, आणि जुलैत तुमचे अय्यर सुप्रीम कोर्टात. ‘बांधिलकी असलेली न्यायव्यवस्था’ हा शब्द तेव्हाच चलनात होता. सरकारला आपल्या विचाराची माणसं हवी होती, त्यांनी आणली. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

काळाकोट

मस्त विषय. तालुक्याला प्रॅक्टिस करतो, २२ वर्षं झाली.

आधी कायद्याचं बोलू, म्हणजे भांडण नीट करता येईल. घटनेच्या २१७ कलमात हायकोर्टाच्या न्यायमूर्तीसाठी काय पात्रता आहे? भारताचा नागरिक, आणि दहा वर्षं हायकोर्टाचा वकील किंवा दहा वर्षं न्यायिक पदावर. बस्स. पक्षात होता का, निवडणूक लढवली का, याबद्दल अवाक्षर नाही. राजकारण सोडल्यावर अमुक वर्षं थांबा असंही कुठे नाही. आणि आमदाराने वकिली करू नये असाही नियम नाही, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्टच सांगितलंय, आमदार-खासदार काही पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत म्हणून. आमच्याच बारमध्ये एक माजी आमदार आहेत, अजून पुकारा झाला की धावत येतात बिचारे.

तळ्यात_मळ्यात, तुम्ही हेगड्यांचं नाव घेतलंत आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. डावलले गेलेले के. एस. हेगडे स्वतः काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते १९५२ ते ५७, तिथून उठून म्हैसूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. म्हणजे काँग्रेसच्या माजी खासदाराने काँग्रेस सरकारला नको असलेला निकाल दिला म्हणून काँग्रेसनेच त्याला डावललं. त्यांनी राजीनामा दिला, ७७ ला जनता पक्षाकडून लोकसभेत गेले आणि सभापती झाले. आता या माणसाला कुठल्या खोक्यात टाकणार?

गप्पिष्ट

हेगडे म्हणजे खासदार-न्यायमूर्ती-खासदार. सँडविचच झालं की.

तळ्यात_मळ्यात

@काळाकोट, मान्य, हेगड्यांचं विसरलो होतो. पण मग बहारुल इस्लाम पण घ्या की. राज्यसभेत काँग्रेसचे, १९७२ ला गुवाहाटी हायकोर्टात, १९८० ला सुप्रीम कोर्टात, बिहारचे काँग्रेसचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्या केसमध्ये त्यांच्या बाजूने निकाल, आणि जानेवारी १९८३ मध्ये निवृत्तीला थोडेच आठवडे उरले असताना राजीनामा देऊन काँग्रेसचं लोकसभेचं तिकीट. ती निवडणूक झाली नाही तर परत राज्यसभा. निकाल प्रामाणिक असेलही, मी मनात शिरून बघितलं नाही, पण त्या मिश्रांच्या विरोधातल्या माणसाने काय समजायचं? कोर्टावरचा विश्वास म्हणजे तोच ना, की हरणाऱ्यालाही वाटलं पाहिजे आपलं ऐकून घेतलं.

काळाकोट

हा मुद्दा बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पालक्काडची_सून

अरे वा, आमच्या माणसावर धागा! मी मूळची साताऱ्याची, लग्न करून केरळात आले त्याला आता अठरा वर्षं झाली. सासरे अय्यरांचे निस्सीम भक्त, त्यांच्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय.

इकडे त्यांना कोणी जस्टिस म्हणून दूर ठेवत नव्हतं, सगळ्यांना ‘स्वामी’च. निवृत्तीनंतर एर्नाकुलमला ‘सद्गमय’ नावाच्या घरात राहायचे आणि कोणीही कागद घेऊन यायचं. एखाद्या विषयावर रात्री राग आला की सकाळच्या पेपरात पत्र हजर. सासरे म्हणतात, आमच्याकडे दोनच गोष्टी रोज नक्की, पाऊस आणि स्वामींचं पत्र. १९८७ ला विरोधकांनी राष्ट्रपतिपदाला उभं केलं होतं आर. वेंकटरमण यांच्याविरुद्ध, हरणार हे माहीत असूनही उभे राहिले. ४ डिसेंबर २०१४ ला गेले तेव्हा शंभरावं वर्ष नुकतंच लागलं होतं.

तळ्यात_मळ्यात यांना एक सांगायचंय. इकडच्या जुन्या लोकांना त्यांचं मंत्रिपदही तेवढंच आठवतं. आणि कम्युनिस्टांचे मंत्री असले तरी पार्टी मेंबर ते नव्हते, अपक्षच. हा फरक बाहेरच्यांना बारीक वाटतो, इकडे मोठा आहे.

निळी_शाई

@पालक्काडची_सून, ताई, पाऊस आणि पत्र, वा.

@तळ्यात_मळ्यात, तुमच्या योगायोगाच्या मुद्द्याला सरळ जून १९७५ दाखवतो.

१२ जूनला अलाहाबाद हायकोर्टाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. अपील सुप्रीम कोर्टात. कोर्टाला उन्हाळ्याची सुटी, सुटीतले न्यायमूर्ती कोण तर हेच आपले, ज्यांना ‘सरकारने आणलं’ म्हणताय ते. आणि किस्सा असा की कायदामंत्री ह. रा. गोखल्यांचा फोन आला, भेटायचंय म्हणून. अय्यर म्हणाले भेटायची गरज नाही, अर्ज रजिस्ट्रीत दाखल करा. हा किस्सा त्यांनी स्वतःच पुढे सांगितलाय.

आता गंमत बघा, हे गोखले म्हणजे आपले मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती! १९६६ ला राजीनामा देऊन बाहेर पडले, ७१ ला मुंबईतून लोकसभेत गेले आणि कायदामंत्री झाले. म्हणजे फोनच्या एका टोकाला न्यायमूर्तीचा झालेला मंत्री आणि दुसऱ्या टोकाला मंत्र्याचा झालेला न्यायमूर्ती. आणि दोघांपैकी न्यायमूर्तीसारखं कोण वागलं ते तुम्हीच ठरवा.

सुनावणीला इंदिरा गांधींच्या बाजूने नानी पालखीवाला, त्यांच्याविरुद्ध याचिका करणाऱ्या राजनारायण यांच्याकडून शांती भूषण. पालखीवालांना पूर्ण स्थगिती हवी होती. २४ जूनला आदेश आला तो अर्धवट, म्हणजे पंतप्रधान राहू शकता, संसदेत बसू-बोलू शकता, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि खासदारकीचं मानधन मिळणार नाही. २५ च्या रात्री आणीबाणी.

तळ्यात_मळ्यात

काका, त्या आदेशावर दोन्ही बाजूंनी टीका झालीय. पंतप्रधानपद तर वाचवलंच ना? पूर्ण स्थगिती नाकारली असती तर इतिहास वेगळा झाला असता असं म्हणणारे आहेत, आणि पूर्ण दिली असती तर आणीबाणी टळली असती असं म्हणणारेही आहेत.

काळाकोट

तसले आदेश निवडणुकीच्या अपिलांत तोवर नेहमीच दिले जायचे, सभागृहात बसा पण मत देऊ नका. साध्या आमदाराला जो आदेश मिळाला असता तोच पंतप्रधानांना मिळाला, आणि मला वाटतं त्या क्षणी यापेक्षा अवघड दुसरं काही नसेल. आणि ज्याने स्वतः निवडणूक याचिका लढवून आमदारकी परत मिळवली त्याला त्या कागदांचा वास वेगळाच येत असणार, हे माझं आपलं.

एलएलबी_थर्डइयर

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, रागावू नका, पण यांची जजमेंट्स कोणी पूर्ण वाचतं का? इंग्रजी असं की एका पॅराला चार वेळा डिक्शनरी. आम्ही सगळे नोट्सच वाचतो. मेनका गांधींच्या पासपोर्टच्या केसचं जजमेंट वाचायला घेतलं आणि न्या. भगवतींचं झाल्यावर यांचं आलं तेव्हा वाटलं पेपर सोडून द्यावा.

गप्पिष्ट

हाहाहा, मनातलं बोललास.

निळी_शाई

बाळा, स्टेनोला विचार. आमच्या एका साहेबांना अय्यरांचे उतारे निकालात घालायची भारी हौस. डिक्टेशनला एकेक शब्द असा यायचा की शॉर्टहँडमध्ये त्याची खूणच नसायची, मग मी नुसतं तोंडाकडे बघायचो आणि साहेब अक्षर अक्षर सांगायचे. पहिल्या वेळी तर मी विचारलं, साहेब हा शब्द आहे का खरंच? साहेब म्हणाले, त्यांनी वापरला म्हणजे आहे.

पण एक कर, मेनका गांधी बाजूला ठेव आणि मोतीराम वाच. १९७८. आठ-दहा पानांचं काम आहे. मोतीराम गवंडी. सुप्रीम कोर्टाने जामीन मंजूर केलेला, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर म्हणे त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, चालणार नाही. गवंडी परत आत. अय्यरांनी हजाराच्या जातमुचलक्यावर (म्हणजे जामीनदार नको, स्वतःचीच हमी) सोडलं आणि विचारलं की मल्याळी किंवा तेलुगू माणूस चांदनी चौकात नाहीतर बस्तरमध्ये पकडला गेला तर तिथला जमीनजुमलावाला जामीनदार त्याने आणायचा कुठून?

आणि ‘जामीन, तुरुंग नव्हे’ हे जे आज शाळेतलं पोर पण म्हणतं ते त्यांचंच, १९७७ च्या बालचंद केसमधलं.

काळाकोट

मोतीराम! काका जखमेवर बोट ठेवलंत.

४७ वर्षं उलटून गेली त्या निकालाला, आणि अजून रोज हेच. मागच्या वर्षीची गोष्ट, कोर्टाचं नाव घेत नाही. पोरगा मराठवाड्यातला, ऊसतोडीला आलेला, मारामारीत नाव गोवलं गेलं. जामीन दुपारी मंजूर झाला. मग सुरू झाली खरी वरात. जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, तहसीलचा ऐपतीचा दाखला पाहिजे. चुलता रात्रीच्या एस.टी.ने गावाकडून सातबारा घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत धरलेला, कागद घामाने ओला झाला होता. क्लार्क म्हणाला, हा आपल्या जिल्ह्यातला नाही, स्थानिक आणा. मी म्हटलं सुप्रीम कोर्ट म्हणतं चालतो. तो म्हणाला, वकीलसाहेब, सुप्रीम कोर्ट दिल्लीला आहे, सही मला घ्यायची आहे. शेवटी प्रोव्हिजनल कॅश बेल, म्हणजे जामीनदाराऐवजी तात्पुरते रोख पैसे भरून सुटका, मागितली, पंधरा हजार, ते मुकादमाने दिले. म्हणजे पोरगं एका ठिकाणहून सुटलं आणि दुसरीकडे अडकलं. मधले अकरा दिवस आत, मंजूर झालेल्या जामिनावर.

तर ज्याने कुळांच्या केसेस चालवल्यात आणि स्वतः महिनाभर आत बसून आलाय त्याला हे कळतं. घटनापीठापुढेच वाढलेल्या माणसाला ऐपतीचा दाखला म्हणजे काय ते माहीतच नसतं.

तळ्यात_मळ्यात

वकीलसाहेब, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याच गोष्टीत माझा मुद्दा आहे. ते अनुभव वकिलीतून आलेत, आमदारकीतून नाही! कुळांचा वकील थेट न्यायमूर्ती झाला असता तरी मोतीराम लिहिला असताच.

निळी_शाई

हा मात्र खरा प्रश्न विचारलात, आणि रात्री बराच वेळ यावर विचार केला. सांगतो मला काय वाटतं ते.

मोतीराम वकिलाने लिहिला असता, मान्य. रतलाम नाही.

१९८० चा निकाल. मध्य प्रदेशातलं रतलाम, एका वस्तीत उघडी गटारं, वर डिस्टिलरीचं घाण पाणी, संडास नाहीत म्हणून माणसं तिथेच बसतात. लोक मॅजिस्ट्रेटकडे गेले, त्याने नगरपालिकेला आदेश दिला, साफ करा. नगरपालिका भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत आली, आणि म्हणणं काय, तर पैसे नाहीत. आता साधा न्यायमूर्ती काय करेल, एकतर ‘हे धोरण आहे, आम्ही पडत नाही’ म्हणेल किंवा ‘करा’ एवढंच म्हणून मोकळा होईल. अय्यरांनी पैसे नाहीत ही सबब तर उडवलीच, पण काम कुठल्या मुदतीत, आधी काय मग काय, डिस्टिलरीचं पाणी कोण थांबवणार, पालिकेला पैसे कमी पडले तर राज्याकडून मागा, अशी एखाद्या खात्याच्या बैठकीत बसल्यासारखी आखणी करून दिली. पाटबंधारे आणि वीज सांभाळलेला माणूस आहे हो तो. ‘निधी नाही’ हे उत्तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने त्याने स्वतः दिलेलं असणार, म्हणून त्यात किती दम असतो ते त्याला माहीत.

आणि दुसरं तुरुंगाचं. मी वर म्हटलं होतं ना लक्षात ठेवा. १९४८ ला आत, १९५७ ला तुरुंगमंत्री, आणि १९७८ ला सुनील बत्राची केस समोर. फाशीची शिक्षा झालेला कैदी तिहारमध्ये, त्याला एकट्याला कोंडून ठेवलेलं. बेंचवरचे न्यायमूर्ती स्वतः तिहारला जाऊन कोठडी बघून आले. पुढे याच बत्राने आतून एका कागदावर पत्र लिहिलं, स्वतःबद्दल नाही, दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने पैशासाठी छळलं म्हणून. ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. कोर्टाचे मित्र म्हणून ज्यांना जेलमध्ये पाठवलं त्यांत आपले डॉ. य. श. चितळे होते. तुरुंगाच्या तिन्ही बाजू, आतून, वरून आणि समोरून, बघितलेला दुसरा न्यायमूर्ती मला तरी आठवत नाही.

तळ्यात_मळ्यात

रतलाम माहीत नव्हतं. वाचतो.

(हरलो म्हणत नाहीये, वाचतो म्हणतोय.)

पालक्काडची_सून

मला मुत्तम्मांची केस पण आठवते, १९७९. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या बाई, सी. बी. मुत्तम्मा. नियम काय होता माहितेय, बाईने लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येईल. पुरुषाला असलं काहीच नाही. केस चालू असताना सरकारने घाईघाईने त्यांना बढती देऊन प्रकरण मिटवायला बघितलं, तरी अय्यरांनी निकालात चांगलंच झोडलं. की लग्नानंतर बाई घरात अडकते तर पुरुष अडकत नाही का? माझ्या सासूबाई यावर नेहमी सासऱ्यांकडे बघून हसतात.

मुंबईकर_मध्यमवर्गीय

उशिरा आलो. आमच्या मुंबईतल्या नागदेवी गल्लीच्या केसचं कोणी लिहिलं नाही अजून? मुंबई कामगार सभा विरुद्ध अब्दुलभाई फैजुल्लाभाई, १९७६. आमच्या वडिलांनी तिथे हार्डवेअरच्या दुकानात ४० वर्षं काढली. नागदेवीतल्या त्या छोट्या छोट्या दुकानांतल्या कामगारांच्या बोनसचा वाद होता. मालकांनी एक आक्षेप असा काढला की संघटना कशी काय पक्षकार, कामगारांची नावं कुठायत? अय्यर म्हणाले गरीब माणसाच्या केसमध्ये असल्या तांत्रिकतेत अडकायचं नाही. पुढे जनहित याचिका वगैरे जे वाढलं त्याच्या मुळाशी या केसचं नाव निघतं, आणि गल्लीत कोणाला पत्ता नाही. तिथे जाऊन सांगा, बिजागऱ्या मोजत मोजत ‘हो का’ म्हणतील.

अवांतर : याच मुंबईच्या बारमधल्या बऱ्याच जणांनी ७३ ला त्यांच्या नेमणुकीला विरोध केला होता, नामांकित वकील सोली सोराबजी त्यात होते, आणि नंतर सोराबजींनीच आपलं चुकलं असं मोकळेपणाने कबूल केलं. आजच्या विरोध करणाऱ्यांनी आणि समर्थन करणाऱ्यांनी, दोघांनीही नोंद घ्यावी.

गप्पिष्ट

अजून एक सँडविच सापडलं. गुमानमल लोढा. जोधपूरकडचे वकील, जनसंघाचे राजस्थानात आमदार ७२ ते ७७, ७८ ला राजस्थान हायकोर्टात न्यायमूर्ती, ८८ ला गुवाहाटीचे मुख्य न्यायमूर्ती, आणि ८९ ला पालीतून भाजपचे खासदार. आपल्या मंगलप्रभात लोढांचे वडील. म्हणजे सगळ्याच पक्षांनी हे केलंय, फक्त दुसऱ्याने केलं की त्रास होतो.

काळाकोट

आपल्या हायकोर्टातलंच घ्या की, फर्डिनो रिबेलो. १९७७ ला गोव्यात जनता पक्षाचे आमदार, १९९६ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती, पुढे अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांच्या कोर्टात हजर झालोय, यांचा पक्ष कुठला होता असा विचारही कधी कोणाच्या मनात आला नाही. पण फरक बघा, आमदारकी आणि न्यायमूर्तीपद यात जवळजवळ दीड तप गेलं. मला वाटतं मुद्दा तिथे आहे. माणूस कुठून आला यापेक्षा मधे किती थांबला, आणि उतरल्यावर परत कुठे गेला. बहारुल इस्लाम दुसऱ्यात अडकले.

तळ्यात_मळ्यात

चला, इथे माझं आणि तुमचं जमलं. मधे पाच-सात वर्षं पाहिजेतच, आणि निवृत्तीनंतर तिकीट नको.

निळी_शाई

अय्यरांनी ८७ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवलीच की. पण निवृत्तीनंतर सात वर्षांनी, आणि हरायला. तुमच्या नियमात बसतं का बघा.

स्पष्टवक्ता

सगळे आरती ओवाळताय. २००२ च्या गुजरात दंगलींवर नागरिकांचं जे ट्रिब्युनल बसलं त्यात हेच होते, आपले न्या. पी. बी. सावंत आणि होस्बेट सुरेश पण होते. आणि मग २०१३ ला मोदी पंतप्रधान व्हावेत म्हणून पाठिंबाही यांनीच दिला. म्हणजे नक्की कोणाचे?

पालक्काडची_सून

दोन्ही वेळा आमच्या घरात जेवताना भांडण झालं होतं, पण बाजू उलट्या होत्या. सासरे म्हणतात स्वामी कधीच कोणाचे नव्हते, म्हणून तर अपक्ष.

संपादक_मंडळ

२००२ आणि २०१४ यावर स्वतंत्र धागे उपलब्ध आहेत. इथे विषयाला धरून लिहावे. यानंतरचे काही प्रतिसाद उडवले आहेत.

एलएलबी_थर्डइयर

निळी_शाई काका, मोतीराम वाचलं. एका बैठकीत. डिक्शनरी तीनदाच लागली. मग अय्यरांचंच होस्कॉट केसचं जजमेंट पण वाचलं, ते तर महाराष्ट्रातलंच निघालं, कैद्याला हायकोर्टाच्या निकालाची कॉपीच मिळाली नाही म्हणून अपील करता करता शिक्षा भोगून संपत आली. जेलवाले म्हणतात दिली होती, पण मिळाल्याची कैद्याची सही नाही. त्यावरून मोफत कॉपी आणि मोफत वकील. मी पुढच्या महिन्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात इंटर्नशिपला जातोय, तिथे हीच दोन कामं करायची असतात हे मला आज कळलं.

निळी_शाई

शाब्बास. तिथल्या स्टेनोशी नीट वाग.

काळाकोट

मंडळी, योगायोग बघा, उद्या अकराला एक जामीन आहे माझा. आरोपी सेंट्रिंगवाला, जामीनदार शेजारच्या जिल्ह्यातला मामा. कालच मोतीरामच्या दोन प्रती काढून पिवळ्या स्केचपेनने ओळी रंगवून ठेवल्यात, एक साहेबांसाठी आणि एक त्या क्लार्कसाठी. बघू.

निळी_शाई

काय होतं ते नक्की कळवा वकीलसाहेब.

काळाकोट

साहेब रजेवर. पुढची तारीख मिळाली. मामा बाहेर बाकड्यावर बसलाय, पिशवी मांडीवर घेऊन, विचारतोय आता सोमवारपर्यंत इथेच थांबू का गावाला जाऊन येऊ.